बातमी मुळशीची, सौजन्य ‘सोशल मीडिया’चे? स्थानिक ब्लॉगर, यूट्यूबरच्या बातम्या मुख्य माध्यमांत कशा पोहोचतात?

चांदणी चौकातून पौडकडे निघाले की बावधन, मग भूगाव आणि त्याला जवळजवळ चिकटूनच भुकूम. संध्याकाळी या रस्त्यावर अडकलेल्या माणसाला पुढे नेमके काय झाले आहे, हे सर्वांत आधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळते. त्यानंतर मुळशीच्या बातम्या देणाऱ्या एखाद्या यूट्यूब चॅनलवर किंवा फेसबुक पानावर. या पानामागे बहुधा एकच माणूस असतो. तोच चित्रण करतो, तोच आवाज देतो आणि दिवसा त्याचा दुसरा काहीतरी धंदा असतो. आमच्यासारख्या दैनिकात ती बातमी आली तर दुसऱ्या दिवशी येते.

हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यात कोणाला बातमी दिसत नाही. पण याच मुळशी तालुक्यातील एका व्हिडिओने २०२४ च्या जुलैमध्ये देशभरातील वाहिन्यांचा पडदा व्यापला. तो व्हिडिओ त्या वेळी एक वर्ष जुना होता. एक वर्ष तो बातमी का नव्हता आणि एका आठवड्यात बातमी कसा झाला, हे समजून घेतले तर स्थानिक लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना मुख्य माध्यमे कधी आणि कशी ओळख देतात, तेही समजते.

मुळशीच्या व्हिडिओचे नेमके काय झाले?

जुलै २०२४ च्या सुरुवातीला पुण्यात प्रशिक्षणार्थी सनदी अधिकारी पूजा खेडकर यांच्या खासगी ऑडी गाडीवरील दिव्याची चर्चा एक्सवर सुरू झाली. स्वतंत्र कक्ष, गाडी, कर्मचारी अशा त्यांच्या मागण्यांविषयी पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी वरिष्ठांकडे अहवाल दिला होता. त्यांची वाशिमला बदली झाली. इथपर्यंत हे प्रकरण म्हणजे नव्या अधिकाऱ्याच्या तोऱ्याची चविष्ट बातमी होती. अशा बातम्या दोन दिवस चालतात आणि विरतात.

ती विरली नाही, कारण पुण्यातील माहिती अधिकार कार्यकर्ते विजय कुंभार यांनी वेगळा प्रश्न विचारला. पूजा खेडकर यांची निवड ओबीसी नॉन-क्रिमिलेअर गटातून झाली होती. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला आठ लाख रुपये. त्यांचे वडील दिलीप खेडकर यांनी काही महिन्यांपूर्वीच अहमदनगरमधून वंचित बहुजन आघाडीच्या तिकिटावर लोकसभा निवडणूक लढवली होती आणि प्रतिज्ञापत्रात सुमारे ४० कोटी रुपयांची मालमत्ता दाखवली होती. मग मुलगी नॉन-क्रिमिलेअर कशी?

या प्रश्नासाठी कोणत्याही गुप्त स्रोताची गरज नव्हती. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली असतात. निकालाची यादीही खुली असते. दोन उघड्या कागदांची जोडणी करण्याचे काम कोणताही बातमीदार करू शकला असता. मीही. लोकसभेच्या काळात अशी प्रतिज्ञापत्रे डाउनलोड करून ‘सर्वांत श्रीमंत उमेदवार’ छापाच्या बातम्या आम्ही डेस्कवर बसून डझनाने केल्या आहेत.

पुढच्या काही दिवसांत या कुटुंबाविषयी जे जे कुठे पडून होते, ते वर आले. त्यातच मुळशीतील धडवली गावचा व्हिडिओ होता. जमिनीच्या वादातून पूजा यांच्या आई मनोरमा खेडकर हातात पिस्तूल घेऊन शेतकऱ्यांशी वाद घालताना त्यात दिसत होत्या. घटना २०२३ मधली. जुलै २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात पौड पोलिसांनी गुन्हा दाखल केला आणि १८ जुलैला रायगडाच्या पायथ्याशी हिरकणवाडीतून त्यांना अटक झाली. पुढे त्यांना जामीन मिळाला. ३१ जुलैला केंद्रीय लोकसेवा आयोगाने पूजा खेडकर यांची उमेदवारी रद्द केली आणि सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने त्यांना सेवेतून मुक्त केले. त्यांनी आपल्यावरील आरोप नाकारले आहेत.

या घटनाक्रमात मला सर्वाधिक खटकते ती तारीख. पिस्तूल तेच, शेतकरी तेच, व्हिडिओही तोच. २०२३ मध्ये ती धडवलीतील जमिनीच्या भांडणाची गोष्ट होती आणि मुळशीत जमिनीची भांडणे रोजची आहेत. पुण्यापासून जवळ असलेल्या, गुंठ्याचे भाव चढत गेलेल्या तालुक्यात ‘शेतात येऊन धमकावले’ ही बातमी कोणत्या पानावर घ्यायची, हा प्रश्न डेस्कवर कोणी विचारतही नाही. व्हिडिओला शहरातले ओळखीचे नाव चिकटले, तेव्हा तो पहिल्या पानाचा झाला.

जाता जाता एक योगायोग. मुळशीच्या मातीत पिस्तुलाची बातमी शंभर वर्षांपूर्वीही झाली होती. टाटांच्या धरणासाठी जमिनी रीतसर ताब्यात येण्याआधीच तिथे चाचणीचे चर खोदण्यात आले. एका शेतकऱ्याने हरकत घेतली, तेव्हा इंग्रज अभियंत्याने त्याच्यावर पिस्तूल रोखले, अशी मुळशी सत्याग्रहाच्या इतिहासात नोंद आहे. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट या लढ्यात उतरले, पुण्यात ‘केसरी’ने विषय उचलला आणि मावळ्यांचे गाऱ्हाणे शहराच्या कानावर गेले. तेव्हाही गावची गोष्ट पुण्यात छापून आल्यावरच ‘बातमी’ ठरली.

मग बातमी फोडली कोणी?

एका माणसाचे नाव घेता येत नाही आणि हेच अशा बातम्यांचे वैशिष्ट्य आहे. दिव्याच्या गाडीचे छायाचित्र एकाने टाकले, प्रतिज्ञापत्राकडे दुसऱ्याने बोट दाखवले, व्हिडिओ तिसरीकडून आला. प्रशासनातील कागद मिळवणे, लोकसेवा आयोगाची प्रतिक्रिया घेणे, न्यायालयात उभे राहून वार्तांकन करणे हे काम मात्र पगारी पत्रकारांनी केले. फोडणारे बाहेरचे आणि धरून ठेवणारे आतले, अशी ही वाटणी.

यात ओळख मिळाली ती कुंभार यांना. वाहिन्यांनी त्यांना बोलावले, वृत्तपत्रांनी नावानिशी उद्धृत केले. त्याला कारण आहे. ते अनेक वर्षे माहिती अधिकारात अर्ज करत आले आहेत, आपल्या नावाने लिहीत आले आहेत, कागदाशिवाय सहसा बोलत नाहीत आणि पुण्यातील बातमीदारांच्या फोनमध्ये त्यांचा नंबर आधीपासून आहे. त्याच वेळी ते आम आदमी पक्षाचे पदाधिकारीही होते. वाचकाला हे सांगायला हवे होते, काहींनी सांगितले, काहींनी ‘माहिती अधिकार कार्यकर्ते’ एवढ्यावर भागवले. पत्रकाराला पक्ष नसावा अशी अपेक्षा असते. स्थानिक लिहिणाऱ्याला पक्ष, जात, भावकी, धंदा सगळे असते आणि म्हणूनच त्याला आतले कळतेही. तो खोटे बोलतो असा याचा अर्थ होत नाही, पण त्याने दिलेला कागद दोनदा तपासावा लागतो.

आणि धडवलीच्या व्हिडिओला काय मिळाले? ‘व्हायरल व्हिडिओ’ हे दोन शब्द.

गावाला आधी कळते, हे नवीन आहे का?

मुळीच नाही. ३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीणकडे गेलेल्या एसटीच्या चालकाला समोर गावच दिसेना. डोंगर उतरून आला होता. दीडशेच्या वर माणसे गाडली गेली होती आणि जगाला ती खबर पोहोचवणारा पहिला माणूस एसटीचा चालक होता. पुणे जिल्ह्यात इतकी वृत्तपत्रे, इतक्या वाहिन्या, पण त्या पावसात त्या रस्त्याने जाणारी एसटीच होती.

नंतरची दोन वर्षे, पाच वर्षे, दहा वर्षे झाल्याच्या बातम्या प्रत्येक माध्यमाने केल्या. चालकाचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका ओळीचा.

अलीकडचे उदाहरण १५ जून २०२५ चे. मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक आहे, हे आसपासच्या लोकांना ठाऊक होते आणि ते तसे सांगतही होते. कोसळलेला पूल राष्ट्रीय बातमी झाला. गंजलेला पूल तालुक्याचीही झाली नव्हती. स्थानिक यूट्यूबर असा गंजलेला पूल दाखवतो तेव्हा त्याला तीनशे व्ह्यूज मिळतात. आम्हीही वेगळे काही करत नाही. आमच्या पडद्यावर कोणत्या लेखावर किती वाचक आहेत याचा आकडा क्षणाक्षणाला हलत असतो आणि गंजलेल्या पुलाने तो हलत नाही.

मुख्य माध्यमांनी ब्लॉगना पहिल्यांदा कधी गांभीर्याने घेतले?

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर याची सुरुवात मुंबईतून झाली आणि ती बातमी फोडण्यातून कमी, संकटातून जास्त झाली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर काही तासांत पीटर ग्रिफिन, रोहित गुप्ता आणि दीना मेहता यांनी एक सामूहिक ब्लॉग सुरू केला. कुठे मदत हवी, कोण बेपत्ता आहे, पैसे कुठे पाठवायचे, कोणती अफवा खोटी आहे, असे सगळे त्यावर जगभरातील स्वयंसेवक टाकत होते. मोठमोठ्या परदेशी माध्यमांनी त्याची दखल घेतली. त्याच काळात ‘इंडिया अनकट’ हा ब्लॉग चालवणारे मुंबईचे अमित वर्मा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फिरून थेट ब्लॉगवर लिहीत होते.

सात महिन्यांनी पाणी मुंबईतच शिरले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, फोन बंद पडले आणि माणसे एकमेकांना ब्लॉगवर शोधू लागली. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांनंतर ‘मुंबई हेल्प’ या ब्लॉगवर परदेशात बसलेले नातेवाईक नावे टाकत आणि मुंबईतले अनोळखी लोक त्या नावांना फोन लावून ‘सुखरूप आहेत’ असे कळवत. मला हा प्रकार आजच्या कोणत्याही ब्रेकिंग न्यूजपेक्षा उपयोगी पत्रकारितेचा वाटतो.

नंतर २६/११. नरिमन हाउसच्या परिसरात राहणारा विनुकुमार रंगनाथन कॅमेरा घेऊन बाहेर पडला आणि त्याने शंभराहून अधिक छायाचित्रे फ्लिकरवर टाकली. बोस्टनमध्ये अध्यापन करणारे अरुण शानभाग तेव्हा मुंबईत घरी आले होते. ताजच्या जवळच्या गच्चीवरून दिसणारे ते ब्लॉगवर आणि ट्विटरवर लिहीत राहिले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने शानभाग यांच्यावर नावानिशी बातमी केली. आणि याच हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात कोरडे ओढले, ते वाहिन्यांवर. हौशी बेजबाबदार आणि व्यावसायिक जबाबदार, ही सोपी विभागणी तिथे टिकली नाही.

बाहेरच्या जगातील दोन गोष्टी इथे लागू पडतात. अमेरिकेत जोश मार्शल यांच्या ‘टॉकिंग पॉइंट्स मेमो’ या ब्लॉगने २००७ मध्ये सरकारी वकिलांच्या बडतर्फीचे प्रकरण लावून धरले. वेगवेगळ्या शहरांतील छोट्या वृत्तपत्रांत आपापल्या वकिलाची एकेक बातमी आली होती. वाचकांनी ती कात्रणे पाठवली, ब्लॉगने ती शेजारी शेजारी ठेवली आणि नमुना दिसला. त्यासाठी ब्लॉगला पत्रकारितेतील मानाचा पोल्क पुरस्कार मिळाला. कुंभार यांनी दोन कागद शेजारी ठेवले, त्याचीच ही मोठी आवृत्ती.

दुसरी गोष्ट अबोटाबादची. २ मे २०११ च्या पहाटे तिथला संगणक सल्लागार सोहेब अथर याने रात्री एक वाजता डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत असल्याचे, इथे असे क्वचितच घडत असल्याचे ट्विट केले. ओसामा बिन लादेनवरील कारवाईची ती पहिली उघड नोंद होती आणि नोंदवणाऱ्याला त्याची कल्पनाच नव्हती. ‘आपल्याकडे असे कधी होत नाही’ एवढे ओळखता येणे ही स्थानिक माणसाची खरी ताकद. ती उपग्रहालाही येत नाही.

श्रेय आणि पैसे कोणाला मिळतात?

इथे आमची बाजू लंगडी आहे. डेस्कवर व्हिडिओ येतो तो सहसा पाचव्या-सहाव्या हाताने. त्यावर आधीच कोणाचा तरी शिक्का असतो, कधी तो कापलेला असतो. ‘सौजन्य : सोशल मीडिया’ असे लिहून आम्ही मोकळे होतो. हे लिहिणे म्हणजे ‘सौजन्य : रस्ता’ लिहिण्यासारखे आहे. घाईच्या दिवशी मी स्वतः ते लिहिले आहे.

कायदा तसा स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीचा भाग म्हणून केलेले काम वगळता, व्हिडिओ तयार करणारा त्याचा पहिला मालक असतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणून मालकी जात नाही. मात्र कलम ५२ मध्ये चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त वापराची सूट आहे. किती सेकंद वापरले तर रास्त आणि किती म्हणजे ढापलेले, हे कायद्यात लिहिलेले नाही. ते प्रत्येक प्रकरणात न्यायालय ठरवते आणि भुकूमचा यूट्यूबर चाळीस सेकंदांसाठी न्यायालयात जात नाही.

उलट दिशेने मात्र हे घडते. मे २०२५ मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरने जाहीर आरोप केला की, आपल्या व्हिडिओत वापरलेल्या काही सेकंदांच्या दृश्यांसाठी एएनआय या वृत्तसंस्थेने कॉपीराइट स्ट्राइक देऊन मोठी रक्कम मागितली. एएनआयने आपले हक्क बजावत असल्याची भूमिका घेतली आणि दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा केला. यूट्यूबच्या नियमानुसार ९० दिवसांत तीन स्ट्राइक मिळाले तर चॅनलच बंद होऊ शकते. दावा कोणाचा खरा हे न्यायालय ठरवेल. पण स्ट्राइकची कळ ज्याच्याकडे वकील आहे त्यालाच दाबता येते, हे या वादाने सगळ्यांना दाखवले.

पैसे देऊन हे काम करून घेण्याचा एक प्रयोग गोव्यातून चालतो. ‘व्हिडिओ व्हॉलंटियर्स’ ही संस्था गावोगावच्या रहिवाशांना कॅमेरा चालवायला शिकवते आणि त्यांच्या व्हिडिओचे मानधन देते. त्यांच्या पद्धतीतला मला आवडणारा भाग असा, की रेशन दुकान, हातपंप, शाळा अशा प्रश्नावर व्हिडिओ केल्यानंतर तो प्रश्न सुटेपर्यंत त्याच माणसाने पाठपुरावा करायचा आणि सुटल्यावर दुसरा व्हिडिओ करायचा. त्याचे पैसे वेगळे. मोठ्या माध्यमांत पाठपुराव्याला वेगळे पैसे मिळाल्याचे मी ऐकलेले नाही.

कायद्याच्या दृष्टीने हे पत्रकार आहेत का?

उत्तर अर्धवट आहे. छापील नियतकालिकांची नोंदणी आता २०२३ च्या नव्या कायद्याखाली होते. १ मार्च २०२४ पासून त्याने १८६७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. यूट्यूब चॅनल किंवा ब्लॉग त्यात येत नाहीत. त्यामुळे ‘केंद्र सरकार मान्यताप्राप्त’ असे लिहिलेला माइकचा बूम दिसला तर त्या शब्दांना फारसा अर्थ नसतो.

डिजिटल बातम्यांसाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. तक्रार आली तर २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. व्यवसाय म्हणून पद्धतशीरपणे बातम्या न देणाऱ्या व्यक्तीला त्यातून वगळले आहे. पण यूट्यूबच्या जाहिरातींतून महिन्याला थोडीफार कमाई झाली, तर तो व्यवसाय झाला का? याच नियमांतील आचारसंहितेचा भाग निखिल वागळे आणि ‘द लीफलेट’ यांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगित केला. नंतर प्रसारण विधेयकाच्या मसुद्यात यूट्यूबरनाही कक्षेत घेण्याची चर्चा झाली, ओरड झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो मसुदा मागे पडला.

संरक्षणाचे काय? पत्रकारांवरील हल्ले रोखणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये मंजूर केला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा. पण त्यातील ‘पत्रकार’ म्हणजे ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो एखाद्या माध्यमसंस्थेत कायम किंवा कंत्राटी काम करतो, तो. दुकान सांभाळून चॅनल चालवणारा या व्याख्येत बसवणे कठीण आहे. त्याने बेकायदा मुरूम उपसा दाखवला आणि रात्री त्याची दुचाकी फोडली, तर ती केवळ दुचाकी फोडल्याची तक्रार. बदनामीचा गुन्हा मात्र त्याच्यावर पूर्ण लागू होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे आणि त्यात मुख्य व्यवसायाची अट नाही.

आणि ज्यांच्याकडे वृत्तपत्राचे ओळखपत्र असते, तेही तालुक्यात सुरक्षित असतात असे नाही. शशिकांत वारिशे ‘महानगरी टाइम्स’चे पत्रकार होते. राजापूर भागातील रिफायनरीच्या विरोधाबद्दल ते सातत्याने लिहीत. ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापुरात त्यांच्या दुचाकीला मोटारीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्याविषयी त्यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती, त्यालाच पोलिसांनी अटक केली. शहरातला पत्रकार बातमी देऊन घरी जातो. तालुक्यातला ज्याच्याविरुद्ध लिहितो, त्याच्याच पंपावर त्याला पेट्रोल भरावे लागते.

डेस्क एखाद्या व्हिडिओवर विश्वास कधी ठेवतो?

अभियांत्रिकी शिकलेल्याला हा भाग जवळचा वाटतो, कारण इथे मतापेक्षा मोजमाप चालते. दर पावसाळ्यात ‘ताम्हिणीत दरड कोसळली’ असे व्हिडिओ आमच्याकडे येतात. त्यातले काही हिमाचलचे असतात, काही तीन वर्षांपूर्वीचे. पहिले काम म्हणजे व्हिडिओतील एक चौकट थांबवून ती उलट शोधणे. तीच चौकट २०२१ मध्ये कुठे दिसली, तर विषय संपला.

मग ठिकाण. दुकानाची पाटी, गाडीच्या नंबरप्लेटचे पहिले चार अंक, विजेच्या खांबाची रचना, मागच्या डोंगराची कड. ‘एमएच १२’ दिसले म्हणून ते पुणे होत नाही, पुण्याच्या गाड्या कोकणात असतात. पण पाटीवर ‘पिरंगुट’ असेल आणि नकाशावरच्या रस्त्याच्या छायाचित्रात तीच पाटी त्याच वळणावर असेल, तर ठिकाण पक्के. सावलीवरून वेळेचा अंदाज येतो. शेवटी आवाज. मागे लोक कोणती मराठी बोलतात, हे ऐकून आमच्यातल्या मावळच्या एका सहकाऱ्याने अनेक व्हिडिओ बाद केले आहेत.

सर्वांत मोठी अडचण व्हॉट्सॲप करते. व्हिडिओ नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि कधी, कोणत्या फोनवर, कुठे चित्रित झाला ही फाइलमधली माहिती निघून जाते. दहा हात फिरलेल्या व्हिडिओत फक्त चित्र उरते. म्हणून डेस्कवरून पहिला फोन जातो तो ‘मूळ फाइल आहे का’ हे विचारायला. ती असेल आणि चित्रण करणारा नाव सांगायला तयार असेल, तर व्हिडिओ अर्ध्या तासात संकेतस्थळावर असतो, त्याच्या नावासह. हे दोन्ही नसेल तर आम्ही थांबतो, किंवा थांबायला हवे.

पौड रस्त्यावर उभे राहून काही टिपले असेल, तर तीन गोष्टी करता येतात. मूळ फाइल फोनमधून काढून टाकू नका, ढगात एक प्रत ठेवा. पाठवताना व्हॉट्सॲपमध्ये ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. आणि सोबत दोन ओळी लिहा : कुठे, किती वाजता, कोणी टिपले, नाव छापायचे की नाही. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जायचे आहे ते तुम्हाला. गाडीवर संगीत लावू नका, चित्रावर अक्षरे चिकटवू नका, अपघातग्रस्तांचे चेहरे जवळून घेऊ नका. मूळ आवाज राहू द्या. धडवलीच्या व्हिडिओसारखा तो वर्षभरानेही कोणाला तरी लागू शकतो, आणि तेव्हा पोलीस ठाण्यात विचारली जाणारी पहिली गोष्ट तारीख असेल.